मोसंबीच्या नावामागचा देश

मानवतच्या मोंढ्यात कापसाचा पहिला भर ओसरला की तुरीचे दिवस येतात. संक्रांतीच्या आगेमागे आडत दुकानांसमोर लाल-पांढऱ्या तुरीचे ढीग लागतात, मापाडी आणि हमाल यांची धांदल सुरू होते आणि सौदा होईपर्यंत शेतकरी आपल्या ढिगाशेजारी उकिडवा बसून राहतो. आमचे मोंढ्यात जाणे वर्षातून एकदोनदाच होते. शेती थोरले बंधू पाहतात. आम्ही मराठीचे मास्तर. आमचे काम पट्टीवरचा हिशेब वाचून दाखवण्यापुरते. पण अशाच एका फेरीत आडत्याच्या बैठकीत आम्हाला चार शब्द ऐकू आले आणि मास्तरकीच्या सवयीने ते आम्ही मनात टिपून ठेवले. शब्द होते : लेमन, अरुषा, मटवारा आणि गजरी.

ही परदेशी तुरीची नावे. मुंबई बंदरात उतरणाऱ्या तुरीचे रोजचे भाव ह्या नावांनी सांगितले जातात आणि त्या भावांवर मानवतचा सौदा किती चढेल हे पुष्कळसे ठरते. 'लेमन' ही ब्रह्मदेशाची, म्हणजे आजच्या म्यानमारची. अरुषा आणि मटवारा ही टांझानियातल्या दोन गावांची नावे. आणि 'गजरी' म्हणजे गाजराच्या रंगाकडे झुकणारी तांबूस तूर. ती मुख्यतः मोझांबिकची. ज्यांनी आयुष्यात मुंबईचा समुद्र पाहिलेला नाही अशी माणसे पूर्व आफ्रिकेचा हा भूगोल तोंडपाठ बोलत होती, आणि ज्यांनी वर्गात आफ्रिकन साहित्यावर व्याख्याने दिली ते आम्ही मात्र नकाशात मोझांबिक नेमके कुठे हे चटकन दाखवू शकलो नसतो. पुढे जे घडले त्यामुळे ह्या अज्ञानाची आम्हाला लाज वाटू लागली. त्या लाजेचीच ही गोष्ट आहे.

२०१४ आणि २०१५ ही मराठवाड्याला सलग दोन दुष्काळाची वर्षे. तूर पिकली नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात शहरांतून तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि वरणभात हा श्रीमंती बेत होऊन बसला. २०१६ च्या जुलैत भारताच्या पंतप्रधानांनी मोझांबिकची राजधानी मापुतो येथे एक करार केला. त्यान्वये पहिल्या वर्षी १ लाख टन आणि मग वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत वर्षाला २ लाख टन तूर तिकडून घ्यायचे ठरले. त्याच जुलैत आमच्या शिवारात पाऊस चांगला झाला होता. आदल्या वर्षीचा भाव डोळ्यांपुढे ठेवून सगळ्यांनीच तूर वाढवली होती. एरवी आमच्याकडे कपाशीच्या सहा तासांनंतर तुरीचे एक तास असते. त्या वर्षी बंधूंनी अख्खे वावर तुरीला दिले. देशात २०१५-१६ मध्ये सुमारे २५ लाख टन तूर झाली होती, ती २०१६-१७ मध्ये ४८ लाख टनांच्या पुढे गेली. वर सुमारे ७ लाख टन तूर बाहेरून आली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता. मोंढ्यात चार हजार मिळणेही जड झाले.

हमीभावाच्या खरेदी केंद्रासमोर लागलेल्या रांगेत आमची बैलगाडी नव्हती, भाड्याचा टेम्पो होता. त्याचे भाडे दिवसागणिक चढत होते. कधी बारदाना संपलेला, कधी चाळणी बंद, कधी वजनकाटा बिघडलेला. बंधूंनी पोत्यांवरच रात्री काढल्या. २२ एप्रिल २०१७ ही तारीख आमच्या घरात अजून विसरली गेलेली नाही. त्या दिवसापर्यंत ज्यांची तूर केंद्रावर आली होती तेवढ्यांचीच घेऊ, असे सरकारने सांगितले. आमची थोडी आत गेली, थोडी बाहेर राहिली. बाहेर राहिली तिचे काय झाले ते सांगण्याजोगे नाही.

जूनमध्ये पुणतांब्याहून शेतकऱ्यांच्या संपाची हाक आली आणि आमच्या गावातही निवेदन द्यायचे ठरले. गावात निवेदन म्हटले की मास्तर आठवतो. बंधू म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं हाय, आन् तुला भाषा येती. तूच लिही." आम्ही लिहिले. पाच मागण्या होत्या. तिसरी मागणी आमच्या हस्ताक्षरात अशी उतरली, की आफ्रिकेतून होणारी तुरीची आयात ताबडतोब आणि संपूर्णपणे बंद करावी. लिहिताना 'ताबडतोब' पुरेसे न वाटून 'संपूर्णपणे' हा शब्द आम्हीच घातला. वाक्याला वजन येते म्हणून. खाली दोनशेवर सह्या आणि अंगठे झाले.

५ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने तुरीची आयात मर्यादित केली. वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली गेली. सरकारासरकारांतील करारांचा माल तेवढा त्यातून वगळला. आमच्या निवेदनामुळे हे घडले असे समजण्याइतके आम्ही भाबडे नाही. तरी त्या दिवशी घरात थोडे समाधान होते. आपण लिहिलेले वाक्य खरे झाले, हे सुख लिहिणाऱ्याला क्वचितच मिळते.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. हा मुलगा आमच्याच भागातला, घरी चार एकर कोरडवाहू. पदवीनंतर एका धान्य व्यापारी कंपनीत लागला आणि कंपनीने त्याला मोझांबिकमधील नाकाला बंदरात पाठवले. त्याने काही छायाचित्रे पाठवली होती. लाल मातीच्या रस्त्याकडेला एका झाडाखाली टांगता काटा, त्याच्यापुढे डोक्यावरच्या घमेल्यातून आणि पाठीवरच्या झोळीतून तूर घेऊन आलेल्या बायका, एकीच्या पाठीशी कापडात बांधलेले मूल. खाली त्याने लिहिले होते : "सर, इकडं तुरीला कोणी विचारीना झालंय. लोक मला धरून विचारतात, इंडियानं घेणं का बंद केलं? तुम्ही इंडियाचेच ना? काय सांगू?"

काय सांगायचे ते आम्हाला त्या दिवशी सुचले नाही. पण त्या निरोपानंतर आम्ही नकाशा उघडला.

मोझांबिक हा लांबट देश आहे. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, मादागास्करच्या समोर, सुमारे अडीच हजार किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा त्याला लाभला आहे. क्षेत्रफळ जवळपास ८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अडीच महाराष्ट्र त्यात बसतील. लोकसंख्या मात्र महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहून कमीच. मधोमध झांबेझी नदी देशाचे दोन भाग करते. राजधानी मापुतो अगदी दक्षिणेच्या टोकाला, दक्षिण आफ्रिकेच्या सरहद्दीशी टेकलेली. तूर पिकवणारे झांबेझिया आणि नांपुला हे प्रांत नदीच्या उत्तरेला. नांपुलाच्या माणसाला राजधानीला जायचे तर दोन हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो. मानवतहून मुंबई आम्हाला लांब वाटते. त्या अंतरात आम्ही दिल्ली गाठू आणि तरी वाट उरेल.

त्या नकाशातली एक गोष्ट आमच्या मनात रुतून बसली. मोझांबिकमध्ये रेल्वे आहे, पण उत्तर-दक्षिण जाणारी एकही रेल्वे नाही. तीन मुख्य मार्ग आहेत आणि तिन्ही समुद्राकडून आत, पश्चिमेकडे जातात. मापुतोहून दक्षिण आफ्रिकेच्या खाणींकडे, बैराहून आजच्या झिंबाब्वेकडे, नाकालाहून मलावीकडे. देशातल्या माणसाने देशातल्या माणसाला भेटावे म्हणून हे रूळ टाकलेले नाहीत. शेजारच्या मुलखातला माल बंदरावर यावा आणि जहाजात चढावा एवढाच त्यांचा हेतू. हे वाचले तेव्हा आम्हाला आमचे स्टेशन आठवले. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, मनमाड-सिकंदराबाद मार्ग झाला तेव्हा तो मानवत गावातून गेला नाही. स्टेशन काही किलोमीटर दूर राहिले आणि त्याचे नाव पडले 'मानवत रोड'. ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' असते तिथे उतरणाऱ्याला गाव अजून पुढे आहे हे समजून घ्यावे लागते. गोदावरी खोऱ्याचा कापूस गिरण्यांकडे आणि बंदराकडे नेणे हे त्या रुळांचेही एक मोठे काम होतेच.

कापसाचे नाव निघाले म्हणून सांगतो. पोर्तुगालमधील कापड गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, म्हणून १९३८ पासून मोझांबिकच्या उत्तर भागात शेतकऱ्यांवर कापूस सक्तीने लादण्यात आला. जमीन त्याची, घाम त्याचा, पण काय पेरायचे ते ठरवणार सरकार, आणि पिकलेला कापूस विकायचा तो नेमून दिलेल्या कंपनीलाच, तिने दिलेल्या भावाला. ज्या हंगामात मका-ज्वारीची खुरपणी करायची त्याच हंगामात कापूस राखायचा. त्यामुळे घरात धान्य उरेना. उपासमारीची वर्षे आली. राबणाऱ्यांत बायकाच अधिक होत्या, कारण पुरुष खाणींवर, मळ्यांवर किंवा वेठीला गेलेले असत. लाखो कुटुंबे ह्या चरकातून पिळून निघाली. अमेरिकन इतिहासकार अॅलन आयझॅकमन यांनी १९९६ साली ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकात त्यांनी कापसाला दारिद्र्याची आई म्हटले आहे. मानवतच्या जिनिंग कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या आम्हाला ते नाव समजायला भाष्याची गरज पडली नाही. आमच्याकडे कापूस सक्तीने कोणी लावला नाही, कर्जाने लावला. हा फरक मोठा आहे, हे आम्ही कबूल करतो. सक्तीचा कापूस १९६१ मध्ये रद्द झाला.

१९६१ हे साल मराठी वाचकाला दुसऱ्या कारणाने ओळखीचे आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. आणि गोवा हाच मोझांबिकशी आपला सर्वांत जुना दुवा. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार थेट लिस्बनहून नव्हे, तर गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे. म्हणजे मांडवीच्या काठावर बसून झांबेझीच्या मुखावर राज्य केले जाई. दीवचे वाणी व्यापारी तिथे कापड घेऊन जात आणि हस्तिदंत आणत. गुलामांचा व्यापारही त्याच समुद्राने झाला. गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगिजांनी मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता गोठवली आणि पुष्कळांना देशाबाहेर काढले. आपल्या स्वातंत्र्याचा एक हप्ता कोणीतरी तिकडे भरला, हे गोवामुक्तीच्या आपल्या पाठांत येत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला आणखी एक दुवा सांगावासा वाटतो. पोर्तुगीज भाषेचा महाकवी कामोंइश सोळाव्या शतकात गोव्यात राहिला, आणि परतीच्या वाटेवर पैसे संपून मोझांबिक बेटावर अडकून पडला. ह्याच बेटाने पुढे देशाला नाव दिले. आज पोर्तुगीज भाषेतला सर्वोच्च साहित्य पुरस्कार त्या कवीच्या नावाने दिला जातो आणि तो मोझांबिकच्या तिघांना मिळाला आहे : कवी जुझे क्राव्हेरिन्या यांना १९९१ मध्ये, कादंबरीकार मिया कोतो यांना २०१३ मध्ये आणि पावलिना शिझियान यांना २०२१ मध्ये. शिझियान ह्या आपल्या देशात कादंबरी प्रसिद्ध करणाऱ्या पहिल्या स्त्री. ह्यातले एकही नाव आमच्या ग्रंथालयाच्या नोंदवहीत नव्हते. अचेबे होते, न्गुगी होते, सोयिंका होते. म्हणजे जिथे इंग्रज पोचला तेवढीच आफ्रिका आमच्या कपाटात होती. अभ्यासक्रमात 'आफ्रिकन साहित्य' असे मोठ्या अक्षरांत लिहिताना हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आडत्याच्या भावफलकावरची आफ्रिका आमच्या ग्रंथालयातल्या आफ्रिकेहून मोठी निघाली.

बाहेरच्याला एखादा मुलूख एकाच गोष्टीने ठाऊक असतो, ह्याचा अनुभव आम्हा मानवतकरांना भरपूर आहे. परगावी कोणी गाव विचारले आणि आम्ही 'मानवत' म्हणालो, की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरलेला भाव उमटतो. १९७२ ते १९७४ ह्या काळातल्या त्या खुनांची आठवण अर्धशतक उलटले तरी पुसली गेली नाही. २०२४ मध्ये त्यांवर मालिका आली आणि नव्या पिढीलाही तो भाव शिकवला गेला. कापसाची एवढी मोठी बाजारपेठ, पण ती कोणाला ठाऊक नसते. मोझांबिकचेही तसेच. १९७५ च्या २५ जूनला देश स्वतंत्र झाला, दोन वर्षांत यादवी पेटली, ती १९९२ पर्यंत चालली. २०१९ च्या मार्चमध्ये 'इडाय' चक्रीवादळाने बैरा शहर उद्ध्वस्त केले. उत्तरेच्या काबो देल्गादो प्रांतात समुद्रतळाशी वायूचे प्रचंड साठे सापडले आणि २०१७ च्या ऑक्टोबरपासून तिथेच सशस्त्र बंडाळी सुरू झाली. बातम्यांत येतो तो हा मोझांबिक. शेंगा वाळत घालणारा मोझांबिक बातमीत येत नाही.

तो आम्हाला आमच्या विद्यार्थ्याच्या निरोपांतून थोडा थोडा कळत गेला. तिकडे ऋतू उलटे. नोव्हेंबर-डिसेंबरात पहिला पाऊस पडला की मक्यात तूर पेरतात आणि जुलै ते सप्टेंबरात ती काढतात. आमची तूर घरात संपत आलेली आणि नवी अजून फुलोऱ्यातही नाही, अशा वेळी तिकडची बोटीत चढते. व्यापाराला म्हणूनच ती सोयीची. उत्तरेत पुष्कळ भागांत त्सेत्से माशीमुळे गुरे टिकत नाहीत. म्हणून बैल नाही, नांगर नाही. सगळी शेती हातातल्या कुदळीवर. मकुआ लोकांत कूळ आईकडून चालते. तुरीला पोर्तुगीजमध्ये 'बोअरांचे कडधान्य' अशा अर्थाचे नाव आहे. थोडी ते हिरवी किंवा शिजवून खातात, पण मोठा हिस्सा भारतासाठीच पिकतो. आणि तुराट्या? आम्ही मुद्दाम विचारले. विद्यार्थ्याने कळवले, "जळण म्हणून वापरतात सर, आपल्यासारखंच."

'आपल्यासारखंच' हा शब्द आम्हाला दिवसभर पुरला. शास्त्रज्ञ सांगतात की तूर मूळची भारतातलीच. इथल्या रानटी वाणातून माणसाने ती घडवली आणि फार पूर्वी समुद्रमार्गे ती पूर्व आफ्रिकेत गेली. म्हणजे जिला आम्ही आफ्रिकेची म्हणून हाकलायला निघालो होतो ती आमच्याच घरची लेक. दूर देऊन टाकलेली. आणि तिकडून आलेली लेक आम्ही इकडे लाडाने नांदवतो आहोत, त्याचा तर आम्हाला पत्ताही नाही. जालना-छत्रपती संभाजीनगरपासून आमच्यापर्यंत मोसंबीच्या बागा आहेत. 'मोसंबी' हा शब्द 'मोझांबिक'वरून आला अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर हे नाव किनाऱ्यावर उतरले असावे. आजारी माणसाला भेटायला जाताना आम्ही चार मोसंब्या नेतो तेव्हा पिशवीत त्या देशाचे नाव असते. मराठी शिकवण्यात आयुष्य घालवले, पण शब्दाची ही साल आम्ही कधी सोलून पाहिली नव्हती.

२०१७ च्या ऑगस्टात नेमके काय झाले, हे आता आम्ही जुळवून पाहू शकतो. २०१५-१६ चा चढा भाव तिकडेही पोचला होता. भारत सरकारने करार केला आहे, भारत वाटेल तेवढी तूर घेतो, हे ऐकून झांबेझिया-नांपुलातल्या शेतकऱ्यांनीही तूर वाढवली. अगदी बंधूंनी वाढवली तशीच. त्यांची तूर काढणीला आली आणि त्याच आठवड्यांत इकडे दार अर्धे लागले. करारात टनांचा आकडा होता, भावाची हमी नव्हती. तो आकडाही पुरा व्हायचा तो मोठ्या निर्यातदारांच्या हातून. रस्त्याकडेच्या काट्यापुढे उभ्या बाईला त्याची खबर कोण देणार? तिला आदल्या वर्षीच्या भावाचा लहानसा अंश मिळाला, आणि पुष्कळांची तूर घरातच राहिली. आमच्याकडे हमीभावाची खरेदी होती, अपुरी आणि मनस्ताप देणारी का होईना. तिकडे तेवढाही पसारा नव्हता. बंधूंनी पोत्यांवर काढलेल्या रात्री आणि तिने घरात राखलेली पोती ह्यांत डावेउजवे करण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण 'संपूर्णपणे' हा शब्द आमचा होता.

हे त्या देशाला नवे नव्हते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मोझांबिक काजू उत्पादनात जगात अग्रेसर होता आणि तिथे काजू फोडण्याचे कारखाने होते. १९९५ नंतर जागतिक बँकेच्या दडपणाखाली कच्च्या काजूवरचा निर्यातकर उतरवण्यात आला. कच्चा काजू बोटी भरभरून भारतात आला, तिथले कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार, त्यांत पुष्कळ बायका, घरी बसल्या. त्या काळात कोकण-गोव्यापासून केरळापर्यंत काजू फोडणाऱ्या आपल्या बायकांच्या हाताला काम मिळाले, हेही खरेच. गरिबाच्या हिशेबात असे जमाखर्च समोरासमोर मांडले जात नाहीत. दोन्ही वह्या एकाच दुकानात असल्या तरी त्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेल्या असतात.

ह्यावर कोणी म्हणेल, मग काय आयात खुली ठेवून आपल्या शेतकऱ्याने मरावे? आमच्या घरातच हा प्रश्न विचारला गेला. छायाचित्रातली ती बाई आम्ही बंधूंना दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "तिचं बी खरंच हाय. पण माझ्या टेम्पोचं भाडं ती देणार हाय का?" ह्याला उत्तर नाही. सहानुभूतीने कर्ज फिटत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. साहित्याने माणूस उदार होतो असे आम्ही वर्गात म्हणत आलो. त्या औदार्याचे बिल बंधूंच्या नावावर फाडायचे हे आम्हाला पटत नव्हते.

पण त्याच बोलण्यात बंधूंनी एक गोष्ट सांगितली जी आम्हाला सुचली नव्हती. ते म्हणाले, "बंद करा नायतर चालू ठेवा. पेरायच्या आधी सांगा म्हणावं. मी तूर लावायची का नाई ते मला मिरगाच्या आधी कळाया पायजे." मृग नक्षत्राआधी, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या आत. आम्ही मनाशी हिशेब केला. पेरणीआधी कळायला हवे, हे तर नांपुलातल्या बाईलाही हवेच. तिचा मृग नोव्हेंबरात येतो, एवढाच फरक. दोघांचे वैर तुरीच्या टनांवरून नव्हते. त्यांचे खरे दुःख हे, की दोघेही अंधारात पेरत होते आणि दिवा तिसऱ्याच्या हातात होता.

पुढच्या घडामोडींनी बंधूंचे म्हणणे खरे ठरवले. २०२१ च्या मे महिन्यात तुरीची आयात पुन्हा खुली झाली आणि ती मुदत वेळोवेळी वाढवली गेली. मोझांबिकशी झालेला करारही आणखी पाच वर्षांसाठी, वर्षाला २ लाख टनांचा, पुढे चालू ठेवण्यात आला. २०२३ च्या अखेरीस निर्यातदारांमधल्या वादात नाकाला बंदरावर तुरीचे ढीग अडकून पडले आणि इकडे डाळ महागली. आमच्या विद्यार्थ्याने तेव्हा बंद गोदामाचे छायाचित्र पाठवले होते. २०२५ च्या जानेवारीत, नवी तूर मोंढ्यात उतरत असतानाच, खुल्या आयातीची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढली. त्या हंगामाचा हमीभाव ७,५५० रुपये होता आणि मोंढ्यातला भाव पुन्हा त्याच्या खाली गेला होता. निर्णय बरोबर की चूक हे अर्थशास्त्र्यांनी सांगावे. आम्हाला दिसते ते एवढेच, की ही तारीख आमच्या मृगाची नव्हती आणि त्यांच्या पहिल्या पावसाचीही नव्हती.

त्या महिन्यात गावाने पुन्हा निवेदन लिहायला बोलावले. जुन्याची प्रत कोणीतरी जपून ठेवली होती. "हेच उतरून काढा, तारीख बदला," असे सुचवले गेले. आम्ही तिसऱ्या मागणीपाशी थांबलो. समोर बसलेल्या तरुणांना आम्ही व्याख्यान दिले नाही, कारण त्यांच्या तोंडावरचा ताण दिसत होता. बंधूंचेच वाक्य शुद्ध मराठीत उतरवले : पुढील वर्षी किती तूर बाहेरून आणणार आणि ती कोणत्या महिन्यात, हे शासनाने दरवर्षी ३१ मेपूर्वी जाहीर करावे व मध्येच बदलू नये, आणि नव्या तुरीची आवक चालू असताना बाहेरची तूर बंदरात उतरवू नये. हमीभावाची मागणी अर्थातच पहिली. 'आफ्रिका' हा शब्द आम्ही वगळला. दोघातिघांनी विचारले, "मागच्या वारीसारखं कडक नाही झालं, मास्तर." आम्ही म्हणालो, नाही झाले खरे. त्यांनी सह्या केल्या. बंधूंनी शेवटी केली.

रात्री आम्ही त्या निवेदनाचे छायाचित्र नाकालाला पाठवले. विद्यार्थ्याने कळवले की त्याने ते पोर्तुगीजमध्ये सांगितले आणि गोदामातल्या एका सहकाऱ्याने मकुआत. ऐकणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्याने विचारले म्हणे, हे लिहिणारा माणूस स्वतः तूर लावतो का? विद्यार्थ्याने सांगितले, त्याचा भाऊ लावतो. म्हातारा म्हणाला, मग ठीक आहे.